पायपुसणं

“कुठून तरी वास येतोय,” असं म्हणून रणवरे सरांनी टेबलाचा खण उघडला, फवाऱ्याची बाटली काढली आणि वर्गभर मोगरा मारला.

‘कुठून तरी’ म्हणजे माझ्याकडून, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रविवार होता. रविवारी फलटणचा बाजार, आणि आमचा धंदा सुकटीचा. सकाळपासून आईबरोबर बोंबील, जवळा, सोडे मापून मी थेट क्लासला यायची. साबणानं हात धुतले तरी वास पाठ सोडायचा नाही. मला त्या वासाचं कधी काही वाटलं नव्हतं, जन्मापासूनचा होता. पण सोडे आणि मोगरा एकत्र झाले की जे काही तयार व्हायचं, ते मला सोसायचं नाही. आजही कुणी कौतुकानं मोगऱ्याचा गजरा पुढं केला की मी मागं सरते. लोक म्हणतात, बाई विचित्र आहे.

क्लासचं नाव ‘गोल्डन टंग स्पोकन इंग्लिश’. टायरच्या दुकानावरची लांबट खोली, पिवळट खुर्च्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात कधीच न पुसलेले चार शब्द: ऑल्दो, बिकॉज, इफ, व्हेन. सरांचा सगळा क्लास त्या चार शब्दांवर चालायचा.

“तुम्ही लोक तुटक बोलता,” ते म्हणायचे. “आय गो. आय कम. आय ईट. ही काय भाषा झाली? इंग्रज माणूस साधा चहा मागताना दोन वाक्यं एकात गुंफतो. एक मुख्य, एक गौण. इफ यू डोन्ट माइंड, आय विल हॅव सम टी. तुमची हरकत नसेल तर मी चहा घेईन. बघा, नुसत्या ‘तर’नं माणूस सभ्य होतो.”

हे मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. बाजारात बसल्याबसल्या मी मनात तशी वाक्यं जुळवायची. व्हेन माय मदर ओपन्स द बास्केट, ऑल द कॅट्स कम. आई टोपली उघडते तेव्हा सगळी मांजरं येतात. पहिला तुकडा सोडला की दुसरा येईपर्यंत ऐकणारा आपल्या तोंडाकडे बघत राहतो, याची मला गंमत वाटायची. वाटायचं, या भाषेत माणसाला थोडा वेळ थांबवून ठेवता येतं.

मग एकदा दिगंबर चोरमलेनं विचारलं, “सर, गौण वाक्यात नेमकं काय घालायचं?”

दिगंबर माझ्याच वयाचा, बी.कॉम. झालेला. त्याचे वडील सोपानतात्या मार्केट यार्डात हमाल होते. पोरगा इस्त्रीच्या शर्टात यायचा आणि पहिल्या रांगेत बसायचा.

सर खुशीत आले. “दारात पायपुसणं असतं ना? त्यावर पाय पुसायचे आणि घरात शिरायचं. ऑल्दोचं वाक्य म्हणजे पायपुसणं. जी घाण मागं टाकायची ती त्यावर पुसायची आणि स्वच्छ पायांनी मुख्य वाक्यात जायचं.”

वर्ग हसला. मीही हसले. उपमा चांगली होती.

दर उन्हाळ्यात क्लासचा ‘पालक सन्मान’ व्हायचा. सर मंगल कार्यालय भाड्यानं घ्यायचे, गावातले डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब पुढच्या रांगेत बसायचे. एकेका विद्यार्थ्यानं आपल्या आईला किंवा वडिलांना घेऊन व्यासपीठावर जायचं, माइकवर एक दणदणीत इंग्रजी वाक्य म्हणायचं, सरांनी त्याचं मराठी सांगायचं आणि पालकांना शाल-नारळ द्यायचा. त्या वर्षी त्याला जरा जास्त महत्त्व होतं. सर लोणंदला शाखा काढणार होते आणि तिथं एक शिक्षक हवा होता. तो आमच्यातूनच घेणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

आईला हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या घरात आम्ही दोघीच. मी बाजारातून उठून खुर्चीवर बसावं, यापलीकडे तिनं देवाकडे काही मागितलं नसेल.

कार्यक्रमाच्या आधी सर एकेकाला आत बोलावून वाक्य देत होते. माझी पाळी आली. आत पंखा होता आणि तोच मोगरा.

“ऐक नीट,” सर म्हणाले. “ऑल्दो माय मदर इज ॲन अनएज्युकेटेड वूमन हू सेल्स स्मेली फिश, आय ॲम अ स्मार्ट अँड कॉन्फिडंट गर्ल. म्हण.”

मी म्हटलं नाही. “सर, म्हणजे माझी आई अडाणी आहे, वास मारणारी मासळी विकते, तरी मी हुशार आहे, असं?”

“बरोब्बर. ‘हू सेल्स’ ऐकलंस ना? एकात एक दोन गौण वाक्यं. कुणाला एवढं अवघड दिलेलं नाही.”

“पण आई माझ्या शेजारी उभी असणार.”

“अगं, शाल तिच्याच तर खांद्यावर घालायची आहे.”

“तिनं अर्थ विचारला तर?”

“विचारेल कशाला? मी आहे ना मराठी सांगायला.” त्यांनी डोळे मिटून, कीर्तनकारासारखा आवाज लावला. “‘आईच्या कष्टांमुळे आणि आशीर्वादामुळे आज मी इथं उभी आहे.’ पालक रडतात गं! आणि पुढच्या रांगेतल्यांना इंग्रजी कळतं. आपण पोरं कुठून उचलून कुठं आणतो, ते त्यांनाही दिसलं पाहिजे. त्यांचीच मुलं पुढच्या वर्षी आपल्याकडे येतात. पालकांना मराठी, पाहुण्यांना इंग्रजी. दोघंही खूश. यात कुणाचं काय गेलं?”

माणूस वाईट वागतो तेव्हा राग येतो. पण वाईट वागून वर तो असा प्रसन्न दिसतो, तेव्हा राग येत नाही, किळस येते. आमटीत झुरळ निघावं तसं झालं मला.

“मला दुसरं वाक्य द्या, सर.”

“दुसऱ्यात ती मजा नाही.” ते समजुतीनं बोलायला लागले. “हेमलता, तुझं इंग्रजी दिगंबरपेक्षा चांगलं आहे. लोणंदची जागा मी तुलाच धरून चाललोय. एक वाक्य म्हण आणि जा लोणंदला. आयुष्यभर बोंबील मोजायचे आहेत का?”

बाहेर जिन्यात दिगंबर वाक्य घोकत उभा होता. मी त्याला विचारलं, “तुला काय दिलंय?”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “ऑल्दो माय फादर इज ॲन इग्नोरंट कूली, आय ॲम ॲन एज्युकेटेड मॅन.”

“आणि हे तू तात्यांच्या शेजारी उभा राहून म्हणणार?”

“तात्यांना कुठं कळतंय?”

“तुला कळतंय ना?”

तो चिडला. “हेमा, एक वाक्य आहे. म्हणायचं आणि सुटायचं. तू उगाच फाटे फोडू नकोस.” आणि पुन्हा ‘इग्नोरंट’मधला ‘र’ नीट वळवायला लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी आई अंगणात बसून लिंबाच्या फोडीनं हात घासत होती. एक फोड संपली की दुसरी. बोटांच्या चिरांत लिंबू झोंबत होतं, पण ती थांबत नव्हती.

“आई, पुरे. सालपटं निघतील.”

“निघूं देत. येवढी मोठी मान्सं येणार. वास मारून कसं चालंल?” तिनं हात नाकाशी नेले, मग माझ्यापुढं धरले. “बग गं, येतोय का अजून?”

“नाही येत.”

“येतोय. तू लबाड बोलतीस.” आणि तिसरी फोड घेतली. “जागा तुलाच गावली पायजे. म्या कुटं कमी पडली असं न्हाई व्हयाचं.”

वाक्याचा अर्थ मी तिला सांगितला नव्हता.

कार्यालय भरलं होतं. पहिला नंबर दिगंबरचा. सोपानतात्या पांढरी टोपी आणि परीटघडीचा सदरा घालून आले होते. पोती वाहून त्यांचा एक खांदा उतरलेला होता, त्यामुळे सदरा एका बाजूला ओघळत होता. दिगंबर माइकपुढं ताठ उभा राहिला आणि वाक्य म्हणाला. खणखणीत म्हणाला. पुढच्या रांगेत एका डॉक्टरांनी शेजारच्या बाईंकडे पाहून भुवया उडवल्या. बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

“दिगंबर म्हणतोय,” सरांचा आवाज भरून आला, “माझ्या वडिलांनी पाठीवर पोती वाहिली म्हणून आज मी ताठ मानेनं उभा आहे!”

कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग पुढं होऊन ते सरांच्या पाया पडले. सरांनी पडू दिलं. नुसतं पडू दिलं नाही, डोक्यावर हात ठेवला आणि फोटोवाल्याकडे तोंड केलं. ते बघवेना म्हणून मी पदराचं टोक तोंडाशी धरून मान खाली घातली. आईला वाटलं मी घाबरले. “भिऊ नगं,” ती म्हणाली, “म्या हाय ना शेजारी.”

आमचं नाव पुकारलं. आम्ही वर गेलो. सरांनी शाल दोन बोटांत धरून लांबूनच आईच्या खांद्यावर टाकली आणि श्वास रोखून धरला. नारळ देताना आईचा हात लागू नये म्हणून त्यांनी तो वरूनच सोडला. आईनं तो पटकन झेलला आणि लिंबाचे हात जोडून नमस्कार केला.

मी माइकशी गेले. वाक्य तोंडात तयार होतं. लोणंदही तिथंच होतं. मी आईकडे पाहिलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती, जणू काही ते वाक्य तिलाही म्हणायचं होतं.

“धिस इज माय मदर,” मी म्हणाले. “शी सेल्स ड्राय फिश. आय सेल इट विथ हर.”

आणि थांबले. एवढंच होतं माझ्याकडे. ही माझी आई. ती सुकी मासळी विकते. मीही तिच्याबरोबर विकते. पहिल्या महिन्यातल्या पोरांसारखी तुटक वाक्यं.

पण सर माझं ऐकतच नव्हते. त्यांचं मराठी आधीच तयार होतं, ते तोंडातून निघालंही. “हेमलता म्हणतेय, आईच्या कष्टांमुळे आणि आशीर्वादामुळे आज मी…”

“नाही सर,” मी माइकमध्येच म्हणाले. “मी असं म्हटलंच नाही. मी म्हटलं, ही माझी आई. ती सुकट-बोंबील विकते. मीपण विकते.”

मग मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ हशा पसरला. सरांचं तोंड उघडंच राहिलं. आईला काय झालं ते समजेना, पण सुकटीचं नाव तिला कळलं. ती माइककडे वाकली आणि एवढ्या माणसांसमोर म्हणाली, “आन् आमच्या मालात वाळूचा कण गावायचा न्हाई.”

आता मात्र सगळं कार्यालय हसलं. चांगलं हसलं. पुढची रांग सोडून.

खाली उतरताना सर माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, “लायकी दाखवलीस.” त्यांच्या श्वासालाही मोगऱ्याचाच वास होता.

घरी जाताना आई नारळ दोन्ही हातांत धरून चालत होती. नाक्यावर आल्यावर म्हणाली, “जागा गेली न्हवं?”

“गेली.”

“दिग्याला देणार?”

“आणखी कुणाला देणार?”

“कशाला तोंड उचकटलंस मग? सर चांगलं सांगत व्हते की. कष्ट, आशीर्वाद. त्यात काय खोटं व्हतं?” ती भडकली होती. “चार मान्सांत मान मिळत व्हता तो सोसला न्हाई तुला. बस आता जवळा चाळत.”

मी ऐकून घेतलं. पुढचा रविवार येईपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही.

रविवारी बाजारात ऊन चढलं होतं. सोपानतात्या आमच्या पालाशी येऊन उभे राहिले. सुकटीचं गिऱ्हाईक नव्हतं ते, माळकरी माणूस. आईनं त्यांना पोतं अंथरून दिलं. ते बसले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली.

“हेमा,” ते म्हणाले, “त्या दिशी तू म्हनलीस, सर सांगत्यात तसं तू म्हनलीच न्हाईस. व्हय?”

“हो, तात्या.”

“मग आमच्या दिग्याचं बी तसंच असंल का?”

मी जवळ्याच्या ढिगात हात घातला.

“तसं म्या पाठ केलंय त्याचं वाक्य,” तात्या म्हणाले. “आठवडाभर घरी घोकत व्हता, म्या पडल्यापडल्या ऐकायचो. वाटलं, आपल्याबद्दल बोलतोय पोरगं, आपल्यालाबी याया पायजे.” त्यांनी घसा साफ केला आणि बाजाराच्या गलक्यात, हळू आवाजात, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा म्हणाले, “ऑल्दो माय फादर इज ॲन इग्नोरन कूली.” तिथं थांबले. “फादर म्हंजी बाप. कूली म्हंजी हमाल, त्ये कळलं मला. रेल्वेवर म्हनत्यात. पर त्ये मधलं, इग्नोरन का काय, त्येवढं सांग. दुसऱ्या कुनाला इचारायची सोय न्हाई.”

आई मापं खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. मला खोटं बोलता आलं असतं. कष्टाळू म्हणून सांगितलं असतं तर तात्या आनंदानं गेले असते. पण सरांचं ते मराठी मी एकदा ऐकलं होतं, आणि ते आपल्या तोंडातून काढायचं म्हटल्यावर मला शिसारी आली.

“अडाणी,” मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. दोनतीनदा हलवली. समोरच्या बोंबलांकडे बघत राहिले.

“अडाणी तर हायच की म्या,” ते म्हणाले. “त्यात काय! पर मग मराठीत का न्हाई सांगितलं? मला कळंल म्हनून?”

आईनं पोतं पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

ते निघाले, दोन पावलं गेले आणि परत आले. “दिग्याला म्हनू नगंस हां, मला ठावं झालं म्हनून. आता लोनंदला सर झालाय त्यो. त्याला वंगाळ वाटंल.”

ते गर्दीत दिसेनासे झाल्यावर आईनं विचारलं, “आन् माझं काय व्हतं गं?”

मी सांगितलं. अडाणी बाई, वास मारणारी मासळी, सगळं. आईनं तागडी उचलली, एका पारड्यातला चुरा झटकला, मग हात नाकाशी नेऊन हुंगला.

“वास तर येतोच की,” ती म्हणाली. पुढं म्हणाली, “त्यो नारळ फोडू नगं. नेऊन ठेव त्या सराच्या दारात, पायपुसन्यापाशी.”

मी दचकले. तिला मी सरांची ती उपमा कधीच सांगितली नव्हती. ती आपली साधं दारातलं पायपुसणं म्हणत होती. संध्याकाळी मी नारळ नेऊन ठेवला.

आता मी एका शाळेत इंग्रजीच शिकवते. पोरांना ऑल्दो, बिकॉज, इफ, व्हेन शिकवावंच लागतं. भाषेचा त्यात काही दोष नाही. रणवरे सर राजकारणात गेले आणि क्लास दिगंबरकडे आला. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला ‘पालक सन्माना’ला पाहुणी म्हणून बोलावलं. जायला नको होतं. गेले.

मला पुढच्या रांगेत बसवलं. दारातूनच मोगऱ्याचा वास येत होता. दिगंबरनं सुरुवातीला स्वतःच्या वडिलांना वर बोलावलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, दरवर्षी असंच करतात, फार हृद्य असतं. तात्या आता पार वाकले होते. दोन पोरांनी धरून त्यांना माइकपाशी आणलं. दिगंबरनं त्यांच्या उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि तेच वाक्य म्हणाला. एक शब्द बदलला नव्हता. ‘र’ आता चांगला वळत होता.

मराठी सांगायला त्यानं श्वास घेतला, पण तेवढ्यात तात्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यानं. सबंध कार्यालयात दुसरं कुणी वाजवत नव्हतं. पुढच्या रांगेत हशा पिकला. शेजारच्या बाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “बघा, म्हाताऱ्याला काही कळत नाही, मराठी सांगायच्या आधीच वाजवतोय.”

तात्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी ओळखलं मला. त्यांनी हळूच मान हलवली, सांगू नकोस अशी, आणि माझ्याकडे बघत ते टाळ्या वाजवतच राहिले.